तो स्वतःहून थांबत नाही

“सकाळी निघालो तेव्हा एकदम फ्रेश होता हो, उड्या मारत गाडीत बसला.” ट्रेकवरून परस्पर दवाखान्यात आणलेल्या कुत्र्याबद्दल हे वाक्य आम्हा पशुवैद्यांना हमखास ऐकायला मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. कुत्रा खरोखरच उड्या मारत निघालेला असतो, आणि नेमका तोच पुरावा धरून घरच्यांनी पुढचा सगळा दिवस आखलेला असतो. पुण्या-मुंबईकडच्या तरुण घरांमध्ये कुत्र्याला सोबत घेऊन गडावर जाण्याची हौस आता चांगलीच रुजली आहे. हौस चांगली आहे, तिच्यामागचं प्रेमही खरं आहे. पण या कामात राहून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे आणि तीच इथे मांडायची आहे. कुत्र्याचा उत्साह आणि कुत्र्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. माणूस दमला की कुरकुर करतो, दगडावर बसकण मारतो, ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो. कुत्रा यातलं काही करत नाही. त्याचा माणूस पुढे चालला आहे तोवर तोही चालतो. म्हणून त्याची सुरक्षितता डोंगरावर ठरत नाही. ती आदल्या आठवड्यात, घरी, कॅलेंडर आणि घड्याळ समोर ठेवून ठरते. पंजांचे बूट, जाकीट, जीपीएसचा पट्टा या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

हे इतक्या ठामपणे म्हणण्याचं कारण कुत्र्याच्या शरीराच्या घडणीत आहे. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांमधून, आणि तेवढ्याने काही भागत नाही. त्याचा सगळा भरवसा धापण्यावर असतो. जीभ, तोंडाची आतली बाजू आणि नाकातलं ओलं अस्तर यांवरून हवा भराभर फिरते, ओल उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिला दोन मर्यादा आहेत. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर जिभेवरची ओल उडणार कुठे? आणि धापणं हेही स्नायूंचंच काम आहे, तेही उष्णता निर्माण करतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. चढण चढताना ते वाढतं, सावलीत बसलं की उतरतं. उतरायला वाव मिळाला नाही आणि ते ४१ च्या पुढे गेलं की शरीरातली यंत्रणा कोलमडायला लागते. आतड्याचं अस्तर सुटतं, रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते, मूत्रपिंडांवर ताण येतो, मेंदूला सूज येते. यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की हे नुकसान त्याच दिवशी पूर्ण दिसत नाही. संध्याकाळी उठून पाणी प्यायलेला कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण घेऊन येतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही खाल्लं असेल. मूळ दुखणं मात्र रविवारच्या चढणीवरचं असतं.

उन्हाने कुत्रा दगावतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंद गाडी येते. काचा लावलेल्या गाडीत जनावर ठेवू नये हे आता बऱ्याच जणांना कळलं आहे आणि ते योग्यच आहे. पण ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या २०१६ या एका वर्षातल्या दवाखान्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. उष्णतेच्या आजाराच्या पक्क्या ३९५ नोंदी सापडल्या. याच कुत्र्यांच्या नोंदींवरच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांचं कारण समजलं त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्रे श्रमामुळे, म्हणजे चालण्या-पळण्यामुळे आजारी पडले होते. गाडीत कोंडल्यामुळे आजारी पडलेल्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. २०१६ मधल्या त्या ३९५ नोंदींतला साधारण दर सातवा कुत्रा दगावला. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सगळं ब्रिटनसारख्या थंड देशातलं आहे, जिथे २५ अंशांना लोक उन्हाळा म्हणतात. जिथे दुपारचं ऊनच आपल्या ऑक्टोबरपेक्षा सौम्य, तिथेही नुसतं चालणं कुत्र्याला पुरेसं घातक ठरू शकतं, तर आपल्याकडच्या खड्या चढणीबद्दल वेगळं काय सांगावं?

आणि आपल्या ट्रेकचं कॅलेंडर तर माणसाच्या आनंदावर बेतलेलं आहे. पहिला पाऊस पडला, डोंगर हिरवे झाले की गाड्या घाटाकडे वळतात. जून-जुलैत माथ्यावर हवा गार लागते, ऊन नसतं, मग कुत्र्याला काय त्रास होणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पायथ्याच्या दमट जंगलातून चढताना हवा बाष्पाने भरलेली असते, वारा झाडीत अडकलेला असतो, आणि अशा हवेत धापण्याचा उपयोग निम्म्यावर येतो. आपला शर्ट जिथे घामाने चिकटून राहतो, वाळत नाही, तिथे कुत्र्याचंही अंग गार होत नाही. एवढी साधी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. ऑक्टोबरमध्ये ऊन परत येतं, गवत पिवळं पडायला लागतं आणि सह्याद्रीचा काळा कातळ तापतो. मार्च ते मे याबद्दल तर बोलायलाच नको. हाताची मागची बाजू कातळावर टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्या कातळावर पंजाच्या गाद्या भाजतात. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारीचे तीन महिने आणि नोव्हेंबरचा उत्तरार्ध. घड्याळाचंही तसंच आहे. ‘आम्ही पहाटेच निघतो’ असं सगळे सांगतात, आणि निघतातही. पण पहाट चढण्याच्या वाट्याला येते. वर पोचून फोटो, पोहे, थोडी डुलकी, मग उतरायला सुरुवात होते ती साडेदहा-अकराला. दमलेला, पाणी कमी प्यायलेला कुत्रा उघड्या सोंडेवरून तापलेल्या दगडांवरून उतरतो तो दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी. निघण्याची वेळ ठरवताना परत गाडीपाशी पोचण्याची वेळ आधी ठरवायला हवी, आणि ती नऊ-साडेनऊच्या पुढे जाऊ नये. या हिशेबात बरेचसे मोठे गड आपोआप बाद होतात. ते बाद व्हावेत असंच माझं म्हणणं आहे.

‘दमला तर थांबेल की तो, जनावराला कळतं,’ हा यावरचा पहिला आक्षेप. जंगली जनावराला कळतं, हे खरं. पाळीव कुत्र्याला आपण पिढ्यान्पिढ्या याच गोष्टीसाठी निवडून वाढवलं आहे की त्याने स्वतःच्या शरीरापेक्षा माणसाच्या इशाऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं. लॅब्राडॉर पाण्यातून पक्षी पुन्हा पुन्हा आणून देण्यासाठी घडवला गेला, जर्मन शेफर्ड मेंढरांमागे दिवसभर राहण्यासाठी. ज्याची पैदासच ‘थांबू नकोस’ या गुणासाठी झाली, त्याच्याकडून थांबण्याची अपेक्षा करणं चूक आहे. शिवाय मोकळा सोडलेला कुत्रा आपल्याबरोबर चालत नाही. तो पुढे जातो, मागच्या भिडूला बघून येतो, पुन्हा पुढे धावतो. आपण पाच किलोमीटर चाललो तर तो किती चालला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तरीही तो काही सांगतच नाही असं नाही, फक्त त्याची भाषा वेगळी असते. बारकाईने बघा. जीभ आधी लांब होते, मग टोकाला रुंद होऊन चमच्यासारखी वर वळते. लाळ पाण्यासारखी पातळ असते ती घट्ट होऊन ओठांना तारा सुटतात. पुढे धावणारा बरोबरीने चालायला लागतो, मग मागे राहतो. एखाद्या करवंदीच्या जाळीखाली शिरतो, पंजांनी वरची माती उकरतो आणि खालच्या गार मातीवर पोट टेकवून मागचे पाय पसरून पडतो. ही त्याची विनंती असते. आणि नेमक्या याच क्षणी ‘चल चल, आलंच आता’ अशी हाक जाते, बिस्किटाचा पुडा वाजतो, आणि तो उठतो. उठला याचा अर्थ बरा झाला असा नसतो. तो हाकेला उठतो. कुत्रा न सांगता सावलीत पोट टेकवून पडला की त्या दिवसाचा ट्रेक संपला, मग माथा दहा मिनिटांवर असला तरी.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. गडाच्या पायथ्याची गावठी कुत्री रोज वर येतात, कित्येकदा अनोळखी ट्रेकरना थेट माथ्यापर्यंत सोबत करतात, त्यांना काही होत नाही. मग आपल्याच कुत्र्याचं एवढं काय? या मुद्द्यात तथ्य आहे. आखूड केसांचा, सडपातळ, लांब नाकाचा गावठी कुत्रा या हवेसाठी बराच चांगला घडलेला असतो. एखाद्या हस्कीपेक्षा किंवा पगपेक्षा त्याची सोय कितीतरी बरी. पण त्याहून महत्त्वाचा फरक असा की तो कुणाच्या दोरीला बांधलेला नसतो. त्याला कुठे वळायचं, कुठल्या टाक्यात पाणी आहे, दुपार कुठल्या ओवरीत काढायची हे ठाऊक असतं, आणि मन झालं की तो अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, आपल्याला पत्ताही न लागता. त्या वाटेवर तो लहानपणापासून चालत आला आहे. आठवडाभर फ्लॅटमध्ये फरशीवर झोपून, सोसायटीच्या दोन फेऱ्या मारून शनिवारी गाडीत बसलेल्या कुत्र्याशी त्याची तुलना होत नाही. आणि एक कटू गोष्ट : वर दिसतात ती टिकलेली कुत्री. जी टिकली नाहीत ती कुणाच्या फोटोत येत नाहीत. चपट्या तोंडाच्या जातींबद्दल मात्र मी काहीच सवलत देणार नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू, पेकिनीज यांची श्वासाची वाटच अरुंद असते, त्यांच्याकडे धापण्याचं साधनच अधू आहे. त्यांनी चढणीचा ट्रेक करूच नये. तसंच वर्ष-दीड वर्षाच्या आतलं मोठ्या जातीचं पिल्लू, ज्याची हाडं अजून भरायची आहेत, आणि वजन वाढलेला लॅब्राडॉर, जो आमच्याकडे येणाऱ्या लॅब्राडॉरमध्ये अपवाद नसून नेहमीचाच असतो.

‘पण आम्ही सगळी तयारी करून जातो,’ असं म्हणणारेही पुष्कळ, आणि त्यांची पिशवी खरंच भरलेली असते. तयारीला नाव ठेवायचं नाही. पण साधन काय करतं आणि काय करत नाही हे माहीत हवं. ओलं करून घालायचं कूलिंग जाकीट बाष्पीभवनावरच चालतं, म्हणजे कोरड्या हवेत ते उपयोगी आणि पावसाळी जंगलात ते अंगाला लपेटलेलं ओलं फडकं. बुटांनी गादी भाजण्यापासून वाचते, पण ज्याने ते घरी महिनाभर घालून बघितलेले नाहीत त्याचा पाय कातळावर घसरतो. पट्टा दीड-दोन मीटरचा, न लांबणारा, आणि गळ्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस हे मात्र खरोखर कामाचं. घसाऱ्यावर पाय सुटला तर गळपट्ट्याने मान आवळते, हार्नेसने जनावर वर ओढता येतं. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आणि कातडीखाली मायक्रोचिप असावी. पाण्याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. नुसत्या घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलीलिटर पाणी लागतं, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर. चढणीच्या दिवशी याच्या दुप्पट तरी त्याच्या नावाचं वेगळं धरावं आणि थोडं थोडं, वीस-वीस मिनिटांनी पाजावं. एकदम भांडंभर पाणी किंवा चढण्याआधी पोटभर जेवण नको, खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. या सगळ्या सामानापेक्षा एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हा इथे कोसळला तर त्याला उचलून खाली आणता येईल का? ३० किलोचं सैल पडलेलं अंग एकट्याने सपाटीवर पाचशे मीटर नेणंही सोपं नसतं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, आणि तिथल्या लोखंडी शिड्या चढताना माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरकडून जाताना तोलार खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर रेलिंग धरावं लागतं. जी वाट दोन हातांनी चढायची आहे ती कुत्र्यासाठी नाही, असा माझा नियम आहे. जिथे चौघं मिळून चादरीच्या झोळीत त्याला तासाभरात गाडीपर्यंत आणू शकतील तेवढीच त्याची हद्द.

उष्णतेखेरीज बाकी धोके थोडक्यात सांगतो म्हटलं तरी दोन-चारांवर थांबावं लागतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हा आजार चांगलाच पाहिला आहे. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते आणि ती सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून लस झाली असली तरी डबक्यातलं, गडावरच्या शेवाळलेल्या टाक्यातलं पाणी पाजू नये. गोचिडांपासून होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार ट्रेकनंतर एक-दोन आठवड्यांनी ताप आणि मरगळ घेऊन येतात, तेव्हा ट्रेकची आठवणही राहिलेली नसते. परतल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवून बघणं हा ट्रेकचाच भाग समजावा. जळू नाकात शिरली तर कुत्रा एका नाकपुडीतून रक्त शिंकत राहतो. साप चावला तर कापणं, बांधणं, चोखणं काही करू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर माणसाला देतात तेच अँटिव्हेनम कुत्र्यालाही चालतं. आंबोलीच्या बाजूला झाडीत दिसणारा चापडा मात्र त्या औषधात येत नाही. म्हणून जनावर हलवू न देता उचलून जितक्या लवकर दवाखाना गाठता येईल तितकं बरं. आणि सिंहगडावर गेल्यावर कांदाभजी आलीच. आपण प्रेमाने त्यालाही एक घास देतो. कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. सुक्यामेव्याच्या पुडीतले मनुके, चॉकलेट आणि पाय दुखल्यावर आपण घेतो ती आयबुप्रोफेनची गोळी हे त्याच यादीतले. त्याचा लंगडा पाय बघून आपली गोळी त्याला कधीही देऊ नये.

आता एक बाजू जी पाळणाऱ्यांच्या मनात सहसा येत नाही. डोंगर हा कुणाचं तरी घर आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. हा तालुका म्हणजे हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई यांचाच. रात्री तंबूबाहेर बांधलेल्या, किंवा पहाटे मोकळा सोडून दिलेल्या कुत्र्याकडे बिबट्या कसा पाहत असेल हे यावरून समजावं. त्यात बिबट्याची काही चूक नाही. उलट धोकाही तितकाच खरा आहे. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांमध्ये फिरणारा आजार. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच विषाणूने सिंहांची संख्या सुमारे तृतीयांशाने घटवली होती. आपल्याकडे कोल्हे, खोकड, रानकुत्रे, बिबटे सगळे याच वाटांवर फिरतात, जिथे आपला कुत्रा पाय वर करतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, तिथे पाळीव कुत्रा नेण्याची मुभा नसते, आणि हा नियम कुणाच्या आनंदावर विरजण घालण्यासाठी केलेला नाही. जिथे नेता येतं तिथेही पट्टा सोडू नये. मोराच्या मागे धावणारा कुत्रा बघायला गोड वाटतो, पण रानातल्या पक्ष्याचं घरटं त्याला कळत नाही, आग्या मोहोळाचा कडाही कळत नाही.

इतकं सगळं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग काय त्याला चार भिंतींत डांबून ठेवायचं? फ्लॅटमध्ये कोंडलेला कुत्रा चिडचिडा होतो, लठ्ठ होतो, हेही तुम्हीच सांगता. हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यामागे तळमळ आहे. त्याला बाहेर न्यायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच की बाहेर त्याला काय हवं असतं. कोकणकड्यावरून दिसणारी दरी आपल्याला हवी असते. कुत्र्याला दरी नको असते, त्याला वास हवे असतात. त्याचं जग नाकाने उलगडतं आणि एका झाडाच्या बुंध्याशी पाच मिनिटं रेंगाळणं त्याच्यासाठी आपल्या माथ्यावर पोचण्याइतकंच मोठं असतं. हिवाळ्यातल्या पहाटे गावाबाहेरच्या एखाद्या टेकडीवर, ओढ्याच्या काठाने, सावलीच्या वाटेने दीड तास त्याच्या चालीने चाललं, त्याला थांबेल तिथे थांबू दिलं, तर त्याचा दिवस पूर्ण होतो. गड सर करणं ही आपली भूक आहे, ती आपण आपल्या पायांनी, तो घरी नातलगांकडे सुखरूप असताना भागवावी. परदेशात लोक कुत्र्यांना घेऊन डोंगर चढतात, असाही दाखला दिला जातो. आल्प्सच्या हवेचा आणि आपल्या हवेचा फरक सोडून देऊ. अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर पाळीव कुत्र्यांना बंदी असते, हे त्या फोटोंखाली कुणी लिहीत नाही.

एवढी काळजी घेऊनही वेळ आलीच तर काय करायचं, याबद्दल जुना समज बदलायला हवा. कुत्रा डळमळायला लागला, ओकला, आडवा झाला की लोक त्याला उचलून गाडीकडे पळतात आणि तसाच तापलेला तासभर घाटातून आणतात. त्या तासातच सगळं होतं. आता जगभर सांगितलं जातं ते उलट : आधी गार करा, मग न्या. सावलीत आणा, असेल नसेल ते सगळं पिण्याचं पाणी त्याच्या अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आत ओता, टोपीने, चटईने सतत वारा घाला. ओलं फडकं अंगावर झाकून ठेवू नका, ते उष्णता कोंडतं. गार पाण्याने धक्का बसतो ही भीती मनातून काढून टाका, ओढ्याचं वाहतं गार पाणी चालतं, फक्त तोंड पाण्यावर धरा. शुद्धीवर असेल तर स्वतः पिऊ द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. धाप जरा उतरल्यावर एसी लावलेल्या गाडीतून निघा, आणि वाटेतून फोन करून पुढे कळवा. तो उठून बसला, शेपूट हलवली तरी दवाखान्यात आणा, रक्त तपासायला हवं.

आणि एक काम ट्रेकच्या दिवसाची वाट न बघता करा. आज संध्याकाळी तो पंख्याखाली निवांत पडलेला असेल तेव्हा त्याचा वरचा ओठ हलकेच उचला. हिरडीचा रंग बघा, अंगठ्याने दाबा आणि सोडा. दाबलेली पांढरी जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. मग एक मिनिट छातीची हालचाल मोजा. विसावलेल्या कुत्र्याचे श्वास साधारण १५ ते ३० भरतात. रंगाचा फोटो काढा, आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. चढणीवर हिरडी विटेसारखी लाल दिसली किंवा पांढुरकी पडली, तर ती नेहमीपेक्षा वेगळी आहे हे ओळखायला तुमच्याजवळ तेवढाच पुरावा असेल.